चूक दुसऱ्याची, चलन आपल्या नावावर : नाशिकच्या वाहनधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाहतूक पोलिसांच्या हातात ई-चलन यंत्रे आल्यापासून दंडाची पावती हातात पडण्याऐवजी मोबाईलवर येऊ लागली, आणि ती नियम मोडणाऱ्याच्याच मोबाईलवर येईल याची खात्री राहिली नाही. गाडी सिडकोतल्या घराखाली उभी असताना द्वारका चौकात सिग्नल तोडल्याचे चलन येते, दोन वर्षांपूर्वी विकलेल्या दुचाकीचा दंड जुन्या मालकाच्या नावावर चढतो, कारचालकाला हेल्मेट न घातल्याबद्दल दंड होतो. खालील प्रश्नोत्तरे केवळ अशा चुकीच्या चलनांपुरती आहेत. ज्यांनी नियम खरोखरच मोडला आहे आणि आता दंड चुकवण्याची वाट शोधत आहेत, त्यांना या मजकुराचा उपयोग होणार नाही.

चलन आल्याचा संदेश मिळाला. ते चुकीचे आहे हे ठरवण्यासाठी सर्वांत आधी काय पाहावे?

फोटो. संदेशातील रक्कम आणि ठिकाण पाहून लगेच संताप करण्यापेक्षा महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अॅपवर गाडीचा क्रमांक आणि चेसिस अथवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक भरून संपूर्ण चलन उघडावे. त्यात गुन्ह्याची तारीख, वेळ, ठिकाण, लावलेले कलम, कारवाई करणारे पोलीस घटक आणि बहुतेक वेळा छायाचित्र असते.

छायाचित्र मोठे करून शांतपणे न्याहाळावे. आधी नंबर प्लेट एकेक अक्षर सुटे करून वाचावी. एकदम वाचली की डोळा आपल्या ओळखीचाच नंबर वाचून मोकळा होतो. नंतर गाडीकडे वळावे. समजा, मुंबई नाक्यावर मागून टिपलेली स्कूटर आहे. रंग तोच, कंपनी तीच. परंतु फोटोतल्या स्कूटरला मागे स्टीलचे गार्ड आहे आणि आपल्या स्कूटरला ते कधीच नव्हते. तिचा मागचा दिवा जुन्या मॉडेलचा आहे. प्लेटच्या खाली विक्रेत्याच्या नावाची पट्टी आहे, ती दुसऱ्याच गावची आहे. आपल्या डाव्या पॅनेलवर असलेला ओरखडा तिथे नाही. असे तीन-चार फरक कागदावर लिहून काढले की अर्जाचा निम्मा मजकूर तयार झाला असे समजावे. ‘ही माझी गाडी नाही’ या एका वाक्यापेक्षा ‘माझ्या गाडीला मागील गार्ड नाही, सोबत फोटो जोडला आहे’ हे वाक्य तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला कितीतरी सोयीचे असते.

संदेश आला, पण महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर चलन दिसतच नाही. असे का?

याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण असे की चलन पोलिसांनी नव्हे, तर परिवहन विभागाच्या पथकाने अथवा परराज्यातील यंत्रणेने केलेले असू शकते. अशी चलने केंद्र सरकारच्या परिवहन ई-चलन संकेतस्थळावर असतात. नाशिकहून सुरत, वापी, इंदूरकडे नेहमी जाणे-येणे असणाऱ्यांनी दोन्ही ठिकाणी पाहण्याची सवय ठेवावी. दुसरे कारण अधिक गंभीर आहे : तो संदेशच बनावट असू शकतो. त्याविषयी पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

अशी चूक होते तरी कशी?

सर्वांत साधे कारण म्हणजे एका अक्षराची किंवा अंकाची गफलत. बी आणि आठ, डी आणि शून्य, एक आणि सात हे कॅमेऱ्यालाही चकवतात आणि यंत्रात क्रमांक भरणाऱ्या हवालदारालाही. नाशिकचा संकेतांक एमएच १५. शेजारच्या अहिल्यानगरचा १६, पिंपरी-चिंचवडचा १४, श्रीरामपूरचा १७. पुणे महामार्गावर या सगळ्या गाड्या एकमेकांच्या मागे-पुढे धावत असतात. संकेतांकाचा एक अंक चुकला आणि पुढची मालिका व क्रमांक जुळले, की श्रीरामपूरच्या गाडीचा दंड सातपूरच्या माणसाला जातो.

यात भर घालतात त्या हौशी नंबर प्लेट. ४१४१ चे ‘दादा’, ८०५५ चे ‘बॉस’, २१४ चे ‘राम’ करून मिरवणाऱ्या गाड्या कॉलेज रोडवर संध्याकाळी उभे राहिले तर सहज दिसतात. अशी प्लेट हा स्वतंत्र गुन्हा आहेच, पण तिच्यामुळे वाचणाऱ्याचा अंदाज चुकला तर त्याची झळ तिसऱ्याच माणसाला बसते. त्या हौसेचे कौतुक करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

आणखी एक कारण कामाच्या पद्धतीत आहे. गर्दीच्या चौकात फोटो काढून ठेवायचे आणि चलन नंतर सवडीने भरायचे, ही रीत पडली तेव्हा एका गाडीचा फोटो आणि दुसऱ्या गाडीचा क्रमांक अशी सरमिसळ होऊ लागली, आणि चलनावरची वेळ व ठिकाणही घटनेशी जुळेनासे झाले. कर्मचाऱ्यांनी खासगी मोबाईलवर फोटो काढून चलन करू नये, असे आदेश वाहतूक विभागाच्या वरिष्ठांनीच दिलेले आहेत. आपल्या चलनातील वेळ आणि फोटोतला प्रकाश यांचा मेळ बसत नसेल, म्हणजे वेळ रात्री नऊची आणि फोटोत लख्ख ऊन असेल, तर तो मुद्दा अर्जात आवर्जून नोंदवावा.

रक्कम पाचशे रुपयेच आहे. हेलपाटे घालण्यापेक्षा भरून मोकळे झालेले बरे नाही का?

हा विचार जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतो आणि बहुतेक वेळा तो महागात पडतो. ई-चलनाची रक्कम ही मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० खालील तडजोड शुल्क असते. ती भरणे म्हणजे गुन्हा आपल्याकडून घडला असे मान्य करून प्रकरण मिटवणे. एकदा पैसे भरले की ‘चलन चुकीचे होते’ असे सांगत परतावा मागणे फार अवघड होते, कारण कागदोपत्री आपणच प्रकरण मिटवलेले असते.

दुसरी गोष्ट अशी की काही गुन्हे केवळ रकमेपुरते नसतात. हेल्मेटच्या कलम १९४-ड मध्ये दंडाबरोबर तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे, आणि अनेक कलमांत दुसऱ्यांदा केलेल्या गुन्ह्याचा दंड पहिल्यापेक्षा मोठा असतो. आज भरलेले चुकीचे चलन उद्याच्या एखाद्या खऱ्या चुकीच्या वेळी ‘पहिला गुन्हा’ म्हणून पुढे येऊ शकते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, चुकीचे चलन जर बनावट प्लेटमुळे आलेले असेल, तर ते पहिले असते, शेवटचे नसते.

तक्रार नेमकी कोणाकडे करायची?

ज्या घटकाने चलन केले त्याच्याकडे. आपण राहतो तिथल्या पोलिसांकडे नव्हे. अर्धे हेलपाटे या एका गैरसमजापोटी होतात. नाशिक शहर पोलीस आयुक्तालय आणि नाशिक ग्रामीण पोलीस हे दोन वेगळे घटक आहेत. पंचवटी, सातपूर, अंबड, नाशिक रोड हा शहराचा भाग. सिन्नर, इगतपुरी, निफाड, दिंडोरी, मालेगाव हा ग्रामीणचा. महामार्गावरील कारवाई महामार्ग पोलिसांची असू शकते, आणि चलन ठाण्याचे अथवा मुंबईचे असेल तर अर्ज तिकडेच जायला हवा. परिवहन विभागाच्या पथकाचे चलन असल्यास पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

पहिली तक्रार महाट्रॅफिक अॅपमधील तक्रारीच्या सोयीतून ऑनलाइन करावी, म्हणजे तारीख नोंदली जाते आणि बाहेरगावच्या चलनासाठी प्रवास करावा लागत नाही. चलन नाशिक शहराचेच असेल तर त्यासोबत वाहतूक शाखेत लेखी अर्जही द्यावा. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख व सही घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. ‘साहेबांना सांगतो, तुम्ही निश्चिंत जा’ हे आश्वासन कितीही मनापासून दिलेले असले, तरी त्याची पोच मिळत नाही.

अर्ज कसा लिहावा?

एका पानात आणि मुद्द्याला धरून. चौकातील खड्डे, पोलिसांची वागणूक, आपण किती वर्षे नियम पाळत आलो आहोत, हे सर्व खरे असले तरी या अर्जात नको. पुढील मसुदा आपल्या प्रकरणाप्रमाणे बदलून वापरता येईल :

‘प्रति, मा. सहायक पोलीस आयुक्त, शहर वाहतूक शाखा, नाशिक शहर. विषय : माझ्या वाहनावर चुकीने आकारण्यात आलेले ई-चलन क्रमांक (…) रद्द होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, दिनांक (…) रोजी (…) वाजता (…) या ठिकाणी (…) या कलमाखाली माझ्या मालकीच्या वाहन क्रमांक (…) यावर सदर चलन करण्यात आले आहे. चलनासोबतच्या छायाचित्रातील वाहन माझे नाही. छायाचित्रातील वाहन (रंग, मॉडेल, प्लेटवरील अक्षर) असे असून माझे वाहन (…) असे आहे. सदर वेळी माझे वाहन (…) येथे होते व त्याचा पुरावा सोबत जोडला आहे. तरी छायाचित्राची पडताळणी करून सदर चलन रद्द करण्यात यावे आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती मला लेखी कळविण्यात यावी, ही नम्र विनंती.’

शेवटी नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक आणि जोडलेल्या कागदांची क्रमवार यादी द्यावी. ‘लेखी कळविण्यात यावी’ हे शब्द गाळू नयेत. पुढे माहितीच्या अधिकारात विचारणा करायची वेळ आली तर त्यांचाच आधार मिळतो.

पुरावा म्हणून काय चालते?

आरसीची (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत आणि गाडीचे चारही बाजूंनी काढलेले, प्लेट स्पष्ट दिसणारे ताजे फोटो हे तर हवेतच. याखेरीज त्या दिवशी, त्या वेळी गाडी दुसरीकडे होती असे दाखवणारे जे काही हाती असेल ते जोडावे. चारचाकी असेल तर फास्टॅगचा तपशील उत्तम : संध्याकाळी पावणेसहाला पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यावर पैसे कापले गेले असतील, तर तीच गाडी सहाला पाथर्डी फाट्यावर असणे शक्य नाही. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात नोकरी असेल तर हजेरीची नोंद आणि गेटवरील वाहन नोंदवही. गाडी दुरुस्तीला दिलेली असेल तर गॅरेजचे जॉबकार्ड. सोसायटीत कॅमेरे असतील तर त्या वेळचे चित्रीकरण.

चित्रीकरणाबाबत मात्र घाई करावी. सोसायट्यांच्या यंत्रणेत जुने चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चढते. म्हणून संदेश आला त्याच दिवशी सचिवांना लेखी विनंती करून ती क्लिप पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावी. चलन रद्द व्हायला किती वेळ लागेल याची वाट पाहत बसू नये.

चलनात फोटोच नाही, किंवा आहे तो इतका धूसर आहे की काहीच कळत नाही. मग?

मग फोटोची मागणी करणे हाच अर्जाचा पहिला मुद्दा होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या नियम १६७-अ नुसार कॅमेऱ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक उपकरणावरून केलेल्या चलनासोबत नियमभंग आणि नंबर प्लेट स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, वेगाचा गुन्हा असेल तर उपकरणाने मोजलेला वेग, तारीख, वेळ व ठिकाण, भंग झालेले कलम आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या अस्सलतेचे प्रमाणपत्र असणे अपेक्षित आहे. उपकरण प्रमाणित असले पाहिजे, आणि त्याच नियमाने गुन्ह्याची सूचना पाठवण्यासाठी १५ दिवसांची मुदत घातली. मात्र हा नियम कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांसाठी आहे. रस्त्यावर अडवून समोरासमोर केलेल्या कारवाईला तो जसाच्या तसा लावून वाद घालू नये.

फोटोतली गाडी माझ्यासारखी आहे आणि प्लेटवरचा नंबरही माझाच आहे, पण गाडी माझी नाही. याचा अर्थ काय?

याचा अर्थ कोणीतरी आपला क्रमांक लावून गाडी चालवत आहे. इथे चलन रद्द करून घेणे हे दुय्यम काम ठरते. त्या गाडीने उद्या सोनसाखळी ओढली किंवा आडगाव नाक्यावर कोणाला धडक देऊन पळ काढला, तर पोलीस पहिल्यांदा आपल्याच दारात येतील. म्हणून वाहतूक शाखेतील अर्जावर न थांबता आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्यात बनावट नंबर प्लेटची लेखी तक्रार द्यावी. चलनाची प्रत, फोटोतील फरकांची यादी आणि आरसी जोडावी, आणि चलनात दिसणारी ठिकाणे व वेळा यांचा एक तक्ता करून द्यावा. तीच गाडी दर सोमवारी सकाळी शालीमारजवळच टिपली जात असेल, तर तपास करणाऱ्याला ती शोधणे अवघड नसते.

चोरीची गाडी चालवण्यासाठी, कर्जाचे हप्ते थकलेली गाडी वसुलीवाल्यांपासून लपवण्यासाठी किंवा निव्वळ दंड चुकवण्यासाठी असे उद्योग केले जातात. त्यामागे कोणताही हेतू असला तरी आपल्या तक्रारीची तारीख त्या गाडीच्या पुढच्या कारवायांच्या आधीची असणे, हेच आपले खरे संरक्षण आहे.

उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली तर हा त्रास टळेल का?

बऱ्याच अंशी. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ही प्लेट सक्तीची झाली, आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवण्याचा आदेश होऊन मुदत पुनःपुन्हा वाढवली गेली. तिच्यावर अशोकचक्राचा क्रोमियम होलोग्राम आणि लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि ती एकदाच लागणाऱ्या लॉकने बसते. दुरून काढलेल्या फोटोत होलोग्राम दिसेलच असे नाही, पण आपल्या गाडीला ती प्लेट आहे आणि फोटोतल्या गाडीला साधी रंगवलेली आहे, एवढा फरकही अर्जात वजनदार ठरतो.

गाडी केव्हाच विकली. तरी चलन माझ्याच नावावर का येते?

कारण नोंदवहीत मालक अजून आपणच आहात. व्यवहार झाला, पैसे मिळाले, चावी दिली, स्टॅम्प पेपरवर सह्याही झाल्या. पण परिवहन कार्यालयात हस्तांतरण झाले नसेल तर कायद्याच्या दृष्टीने मालक बदललेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात, अपघाताच्या भरपाईच्या संदर्भात, हेच स्पष्ट केले : नोंदणी ज्याच्या नावावर, तो मालक. तेव्हा जुन्या गाडीचे हेल्मेटचे चलन हा लहान धोका समजावा. मोठा धोका त्या गाडीच्या अपघाताचा आहे.

राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ मध्ये परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. घेणाऱ्याने फॉर्म ३० भरून ३० दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची असते. प्रत्यक्षात घडते असे की कोऱ्या फॉर्मवर विकणाऱ्याच्या सह्या घेतल्या जातात, ते फॉर्म मध्यस्थाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतात आणि गाडी दोन-तीन हात फिरते. अशा वेळी आधी घेणाऱ्याला गाठावे. तो सापडत असेल तर चलन त्याच्याकडून भरून घेऊन लगेच हस्तांतरण उरकावे. तो दाद देत नसेल तर विक्री करारनामा, त्याच्या ओळखपत्राची प्रत, बँकेतून आलेल्या पैशांची नोंद आणि गाडी ताब्यात दिल्याची तारखेसह पावती जोडून परिवहन कार्यालय, वाहतूक शाखा आणि स्थानिक पोलीस ठाणे अशा तिन्ही ठिकाणी लेखी कळवावे.

गाडी जुन्या गाड्यांच्या डीलरला दिली होती. त्याची जबाबदारी नाही का?

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत डीलरकडे गाडी सोपवताना फॉर्म २९-सी मध्ये ऑनलाइन सूचना देता येते, आणि त्यानंतर गाडी त्याच्याकडे असेपर्यंत तो मालक मानला जातो. मात्र डीलरकडे परिवहन विभागाचे अधिकारपत्र असले पाहिजे. रस्त्याच्या कडेला गाड्या मांडून बसलेला प्रत्येकजण अधिकृत असतोच असे नाही. गाडी देण्यापूर्वी ते पत्र पाहायला मागण्यात कसलाही संकोच नसावा.

गाडी माझीच होती, पण चालवत भाचा होता. हे चलन चुकीचे म्हणता येईल का?

नाही. चलन गाडीवर होते आणि चालक कोण होता हे पोलिसांनी विचारल्यास कलम १३३ प्रमाणे मालकाने सांगावे लागते. भाचा अल्पवयीन असेल तर प्रकरण कलम १९९-अ खाली जाते आणि तिथे दंड २५ हजारांचा आहे, शिवाय पालकाला किंवा वाहनमालकाला कैदेचीही तरतूद आहे. तेव्हा फार वाद न घालता घरातच बोलणे करावे.

संदेश मला आला, पण गाडी माझी नाही आणि नावही माझे नाही.

मग चलन आपल्या नावावर नाही. फक्त मोबाईल क्रमांक चुकीचा नोंदलेला आहे. नोंदणीच्या वेळी एजंटाने कोणाचाही क्रमांक टाकणे किंवा बंद पडलेला क्रमांक मोबाईल कंपनीने पुढे आपल्याला देणे, अशा कारणांनी हे घडते. आपल्यावर कोणतीही देणेदारी येत नाही. याची उलट बाजू मात्र तपासून पाहावी : आपल्या गाडीवर कोणाचा क्रमांक नोंदलेला आहे? तो एजंटाचा असेल तर आपली चलने त्याला कळत राहतील आणि आपल्याला थेट न्यायालयाची नोटीस. परिवहनच्या संकेतस्थळावर आधार पडताळणीने क्रमांक बदलता येतो.

कोणीतरी पकडला गेल्यावर माझ्या परवान्याचा क्रमांक सांगितला, असे दिसते. काय करावे?

अशा चलनात गाडी अनोळखी आणि परवाना आपला असतो. परवान्याची प्रत हॉटेलात, भाड्याने गाडी घेताना किंवा सिमकार्डसाठी दिलेली असते आणि तिथून ती फिरते. अर्जात ‘सदर वाहन माझ्या मालकीचे नाही व त्या वेळी मी ते चालवत नव्हतो’ असे स्पष्ट लिहून वाहनमालकाकडे कलम १३३ खाली विचारणा करण्याची विनंती करावी. चालक कोण होता हे सांगण्याची जबाबदारी मग त्याच्यावर येते. परवान्याच्या गैरवापराची तक्रार पोलीस ठाण्यात वेगळी द्यावी.

लोकअदालतीची नोटीस आली आहे. तिथे जाऊन चलन रद्द करून घेता येईल का?

लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. दोन्ही बाजूंना मान्य असेल तर तिथे प्रकरण मिटते, आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ज्यांचा गुन्हा खरा आहे आणि थकबाकी साचली आहे त्यांच्यासाठी ती सोय उत्तम. ज्याचा गुन्हाच नाही त्याने तिथे ‘थोडे कमी करून’ पैसे भरले, तर चुकीचे चलन कायमचे खरे होऊन बसते. नोटीस आली म्हणून घाबरू नये. तक्रारीची पोच सोबत घेऊन जावे, तडजोड मान्य नसल्याचे सांगावे आणि तक्रार प्रलंबित असल्याचे लेखी द्यावे.

प्रकरण न्यायालयात गेले तर?

चलन न भरल्यास ते न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवले जाऊ शकते. व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या न्यायालयात प्रकरण दिसत असेल तर तिथे दंड भरणे आणि प्रकरण लढवणे असे दोन पर्याय असतात. लढवण्याचा पर्याय निवडला की ते नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते. शहरातील प्रकरणासाठी सीबीएसजवळच्या जुन्या आग्रा रोडवरील न्यायालयात उपस्थित राहावे लागेल. समन्स आल्यावर गैरहजर राहणे ही या सगळ्या प्रवासातील सर्वांत वाईट चूक ठरेल, कारण त्यानंतर वाद चलनापुरता राहत नाही. फोटोतील फरक उघड असेल तर वकिलाविनाही आपली बाजू मांडता येते. बनावट प्लेटचे प्रकरण असेल तर वकील करावा.

सहा महिन्यांनी चलन आपोआप रद्द होते, असे ऐकले. खरे आहे का?

अर्धवट खरे आहे. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी अशी मुदत फौजदारी कायद्यात आहे. पूर्वी ती दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. पण ही मर्यादा न्यायालयाने दखल घेण्यावर आहे, योग्य कारण असेल तर ती माफही होऊ शकते, आणि ती संपली म्हणून संकेतस्थळावरचे चलन आपोआप पुसले जात नाही. कट्ट्यावरच्या या सल्ल्यावर विसंबून चुकीचे चलन तसेच पडू देणाऱ्यांना त्याची आठवण गाडी विकताना होते.

अर्ज दिला, उत्तर नाही. आणि थकीत चलनामुळे परिवहन कार्यालयातले काम अडले आहे.

हस्तांतरण, ना हरकत प्रमाणपत्र यांसारखी कामे थकीत चलनापाशी थांबतात. परिवहन कार्यालयातील खिडकीवरचा कर्मचारी पोलिसांचे चलन काढून टाकू शकत नाही, त्यामुळे तिथे वाद घालण्यात वेळ दवडू नये. वाजवी वाट पाहूनही उत्तर आले नाही तर आधीच्या पोचेचा क्रमांक घालून स्मरणपत्र द्यावे, त्याची प्रत वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांना पाठवावी आणि आपले सरकार या तक्रार संकेतस्थळावर नोंद करावी.

त्यापुढे माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा आणि मोजकेच विचारावे : अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी, चलनाचे मूळ आकारातील छायाचित्र आणि उपकरणाचे प्रमाणपत्र. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. ‘माझ्यावर अन्याय का झाला’ असे प्रश्न विचारले तर उत्तर मिळत नाही. कागद मागितला तर तो मिळतो, आणि अनेकदा तो शोधताना कर्मचाऱ्याच्याच लक्षात चूक येते.

व्हॉट्सअॅपवर चलनाची फाइल आली आहे. उघडू का?

मुळीच उघडू नये. एपीके या अक्षरांनी संपणारी फाइल म्हणजे अॅप असते. ती मोबाईलवर बसली की बँकेचे संदेश दुसऱ्याच्या हाती जातात. कोणताही सरकारी विभाग चलन अशा फाइलने पाठवत नाही. पैसे भरण्याचा दुवा जीओव्ही डॉट इन ने संपणाऱ्या पत्त्याचा आहे का ते पाहावे. त्याहून चांगले म्हणजे दुव्याला हातच न लावता संकेतस्थळ स्वतः उघडावे. फाइल चुकून उघडली गेली असेल तर इंटरनेट बंद करून बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्वरित कळवावे.

चलन रद्द झाले. आता कागद फेकून दिले तरी चालतील?

तूर्त नाही. संकेतस्थळावर त्या चलनाची बदललेली स्थिती दिसते का ते पाहून तिचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवावा, आणि काही दिवसांनी परिवहनच्या संकेतस्थळावरही थकबाकी निघाली आहे का हे तपासावे. एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी उतरायला कधीकधी वेळ लागतो. कारण बनावट प्लेट किंवा न झालेले हस्तांतरण हे असेल, तर तेच चलन नव्या क्रमांकाने पुन्हा येण्याची शक्यता राहते. तसे झाल्यास नवा अर्ज मुळापासून न लिहिता, आधी रद्द झालेल्या चलनाचा क्रमांक, पोलीस ठाण्यातील तक्रारीची पोच आणि जुना अर्ज जोडून द्यावा. गाडी विकेपर्यंत ही फाइल आरसीसोबत ठेवावी आणि विकताना तिची एक प्रत घेणाऱ्यालाही द्यावी, कारण त्या क्रमांकाची दुसरी गाडी रस्त्यावर असेल तर पुढची चलने त्याला येणार आहेत.